यूट

यूट : पुढे माणसांची केबिन आणि मागे उघडा हौदा असलेल्या हलक्या मोटारीचे ऑस्ट्रेलियातील नाव. ‘युटिलिटी’ या शब्दाचे हे बोलीतले आखूड रूप. पूर्ण शब्द आता फारसा कुणाच्या तोंडी नाही. आपल्याकडचा पिकअप तो तिथली यूट, असे सांगून नोंद आटोपता आली असती, पण ते अर्धेच खरे. या एका नावाखाली दोन निरनिराळी वाहने येतात. पहिले प्रवासी मोटारीच्याच अंगातून हौदा काढलेले. ते ऑस्ट्रेलियात जन्मले आणि २०१७ साली तिथेच संपले. दुसरे ट्रकसारख्या वेगळ्या चासीवर, म्हणजे खालच्या पोलादी सांगाड्यावर, केबिन आणि हौदा स्वतंत्र बसवलेले. ते मुख्यतः थायलंडहून जहाजाने येते आणि देशातल्या सर्वाधिक खपणाऱ्या गाड्यांत मोडते. पहिले गेले आणि नाव दुसऱ्याला चिकटले. करांच्या सवलती, निवडणुकीतली भाषणे आणि शेतकऱ्याची गाडी म्हणून असलेली माया, हे सारे त्या नावाबरोबर दुसऱ्याच्या पदरात पडले.

उगमाची कथा ऑस्ट्रेलियात शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. महामंदीच्या काळात, १९३२ साली, व्हिक्टोरिया राज्यातल्या गिप्सलँड भागातील एका शेतकऱ्याच्या बायकोने फोर्ड कंपनीला पत्र लिहिले. मोटार आणि ट्रक अशा दोन गाड्या घेण्याची ऐपत नाही. रविवारी चर्चला जाताना न भिजता बसता येईल आणि सोमवारी तिच्यातूनच डुकरे बाजारात नेता येतील अशी एक गाडी बनवून द्याल का, अशी तिची विनंती होती. मागणी वाटते तेवढी भाबडी नव्हती. शेतकऱ्याला सुखाच्या मोटारीसाठी कर्ज द्यायला त्या काळी बँका तयार नसत. कामाच्या गाडीसाठी देत. फोर्डच्या ऑस्ट्रेलियातील कारभाराचे प्रमुख ह्युबर्ट फ्रेंच यांच्याकडून हे काम व्हिक्टोरियातल्याच जिलाँग शहरातील कारखान्यातल्या लुईस बँट या तरुण आरेखकाकडे आले. तेव्हा तो विशीच्या सुरुवातीला होता.

हौदा असलेल्या मोटारी त्याआधीही होत्या. १९२०च्या दशकातल्या त्या गाड्यांना वर कापडी टप असे, बाजूंना काचा नसत आणि मागे एक खोके ठोकलेले असे. पाऊस आला की नवराबायको आणि डुकरे सारखीच भिजत. बँटने केले ते असे : फोर्डच्या कूपे, म्हणजे दोन दारांच्या, मोटारीची पत्र्याच्या छताची, वर-खाली होणाऱ्या काचांची केबिन जशीच्या तशी घेतली आणि हौद्याच्या बाजू केबिनच्या पत्र्यातूनच सलग मागे ओढल्या. पुढून पाहिले तर मोटार, मागून पाहिले तर छकडा. चासी आणि मागचे कमानपाटे त्याने भक्कम केले, तेव्हा हौद्यात सुमारे ५४५ किलो माल बसू लागला. या गाडीला त्याने ‘कूपे युटिलिटी’ म्हटले आणि १९३४ साली ती कारखान्यातून बाहेर पडू लागली. ‘जगातली पहिली यूट’ हा मान तिला देताना थोडे जपून बोलावे लागते, कारण त्या सुमारास इतर बॉडी-बांधणीवालेही याच वाटेने चालले होते. पण कल्पनेला नाव आणि घाट मिळाला तो जिलाँगमध्येच. अमेरिकेत फोर्डची रँचेरो १९५७ साली आणि शेव्हरोलेची एल कमिनो १९५९ साली आली, म्हणजे दोन दशकांहून अधिक काळाने. बँटचा शेवटही यूटमध्येच झाला : १९८७ साली, स्वतः दुरुस्त करून नवी केलेली १९३४ची यूट चालवत असताना झालेल्या अपघातात तो गेला.

युद्धानंतर या गाडीचा खरा सुकाळ आला. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी पंतप्रधान बेन चिफ्ली यांच्या हस्ते होल्डन या ऑस्ट्रेलियन कंपनीची पहिली मोटार बाहेर पडली आणि १९५१ साली तिची यूट आली. फोर्डनेही १९६१पासून फाल्कन यूट काढली. पुढची पन्नासएक वर्षे होल्डन की फोर्ड या भांडणात घरेच्या घरे वाटली गेली. वापरातली यूट ओळखू येई ती तिच्या खुणांवरून : हौद्याच्या कडेच्या आकड्यांना दोरीने ताणून बांधलेली ताडपत्री, मागच्या फाळक्यावर बसून खाल्लेला डबा, सीटच्या मागच्या फटीत सरकवलेले पाने आणि कुंपणाची तार, आणि हौद्यात साखळीने बांधलेले केल्पी जातीचे मेंढपाळी कुत्रे. हौद्याची उंची मोटारीइतकीच, म्हणजे मांडीपर्यंत. मेंढीला उचलून आत टाकायला दुसरा माणूस लागत नसे. आजच्या गाड्यांत ही सोय राहिलेली नाही.

तरुणांनी हीच गाडी वेगासाठीही उचलली. पुढे मोठे आठ-सिलिंडरचे इंजिन आणि मागे वजनच नाही, त्यामुळे ओल्या रस्त्यावर मागची चाके कधी पुढे येतील याचा नेम नसे. होल्डनच्या वेगवान गाड्या बनवणाऱ्या शाखेची मालू ही यूट स्पोर्ट्स कारच्या तोडीची पळे. शर्यतीतही दोन दशकांच्या आसपास यूटची स्वतंत्र मालिका चालली. न्यू साउथ वेल्समधील डेनिलिक्विन या सपाट मैदानावरच्या गावात १९९९पासून यूटचा मेळा भरतो. तिथे मैलभर रांगा लागतात. गाड्यांवर उंचच उंच एरियल, दिव्यांच्या ओळी आणि दारू कंपन्यांचे स्टिकर असतात, आणि माणसांच्या अंगात निळे बनियन. राजकारणातही हा शब्द घुसला. २००९ साली एका मोटारविक्रेत्याने पंतप्रधान केविन रड यांना वापरायला दिलेल्या जुन्या यूटवरून गदारोळ उठला. विरोधी पक्षनेते माल्कम टर्नबुल यांनी ज्या ईमेलच्या आधारे आरोप केले तो बनावट निघाला आणि प्रकरण उलटे त्यांच्यावरच शेकले. वृत्तपत्रांनी त्याला ‘यूटगेट’ म्हटले. गाडी जुनीपुराणी होती, तरी सगळ्यांच्या लक्षात राहिली ती गाडीच.

आता दुसऱ्या यूटकडे. देशी मोटार उद्योग उंच जकातीच्या भिंतीआड वाढला होता. १९८०च्या दशकात आयात मोटारींवर ५७.५ टक्के जकात होती आणि वर आयातीचा कोटाही. उद्योगमंत्री जॉन बटन यांच्या योजनेने ही भिंत उतरवायला सुरुवात केली. कोटा १९८८ साली गेला आणि जकात उतरत २०१० साली ५ टक्क्यांवर आली. १ जानेवारी २००५पासून थायलंडशी मुक्त व्यापार करार लागू झाला. थायलंडने एक टन माल वाहणाऱ्या पिकअपवरच आपला मोटार उद्योग उभा केला होता, त्यामुळे टोयोटा हायलक्स, फोर्ड रेंजर, इसुझू डी-मॅक्स, मित्सुबिशी ट्रायटन या गाड्या तिथून जकातीविना येऊ लागल्या. त्यांत पाच माणसे बसत होती, चारही चाकांना जोर होता आणि डिझेल इंजिन होते. देशी यूटमध्ये बहुधा दोनच माणसे बसत. मुले शाळेत सोडायची आणि तिथूनच कामावर जायचे, अशा घराला निवड अवघड नव्हती.

फोर्डच्या शेवटच्या फाल्कन यूटने २०१६च्या जुलैमध्ये कारखाना सोडला आणि ऑक्टोबरमध्ये कंपनीने देशातले उत्पादनच थांबवले. ३ ऑक्टोबर २०१७ रोजी टोयोटाचा मेलबर्नमधला कारखाना आणि २० ऑक्टोबरला ॲडलेडजवळच्या एलिझाबेथ येथील होल्डनचा कारखाना बंद झाला. त्याच्या आदल्याच वर्षी, २०१६ साली, हायलक्स ही वर्षभरात सर्वांत जास्त खपलेली गाडी ठरली. मालवाहू वर्गातल्या गाडीला हा मान प्रथमच मिळत होता. २०२२पर्यंत तो तिच्याकडेच राहिला आणि २०२३ व २०२४ साली फोर्ड रेंजरकडे गेला. या रेंजरचा आराखडा आणि अभियांत्रिकी व्हिक्टोरियातच झाली. जिलाँगजवळच्या यू यांग्ज टेकड्यांलगतच्या चाचणी-पथावर ती तावूनसुलाखून घेतात. डोके जिलाँगचे, हात थायलंडचे. कारखाना गेला आणि कसब राहिले, हे म्हणायला बरे वाटते. वेल्डिंगच्या ओळीवर उभ्या असणाऱ्या माणसाला त्याचा उपयोग नव्हता.

डबल कॅब यूट ही खरे तर तडजोडीची गाडी आहे आणि तडजोडी मोजून दाखवता येतात. पाच माणसांची केबिन बसवल्यावर हौदा जेमतेम दीड मीटर लांब उरतो, बांधकामावरची २.४ मीटरची जिप्समची फळी त्यात मावत नाही, फाळका पाडून ती बाहेर काढावी लागते. रेंजरची लांबी ५.३७ मीटर आणि ऑस्ट्रेलियन मानकाप्रमाणे पार्किंगचा खण ५.४ मीटर. उरतात तीन सेंटीमीटर. मागे ट्रेलरचा हूक असेल तर तेही नाहीत. जाहिरातीत ३,५०० किलोचा ट्रेलर ओढण्याची आणि साधारण टनभर माल वाहण्याची क्षमता ठळक छापलेली असते, पण ती दोन्ही एका वेळी बहुधा मिळत नाहीत. ट्रेलरच्या वजनाचा सुमारे दहावा हिस्सा हुकावर दाबतो, म्हणजे ३५० किलो. ते हौद्याच्या हिशेबातून वजा होतात. शिवाय गाडी आणि ट्रेलर मिळून एकूण वजनालाही मर्यादा असते. तिथले जाणते परीक्षक म्हणूनच नवी यूट रिकामी चालवून निकाल देत नाहीत. हौद्यात काही शेकडो किलो वजन ठेवून चढावर नेतात, कारण रिकाम्या गाडीचे मागचे कमानपाटे खड्ड्यात उसळतात आणि वजन पडले की शहाण्यासारखे वागतात.

मग ही गाडी एवढी खपते का? एक उत्तर करखात्यात आहे. कर्मचाऱ्याला खासगी वापरासाठी दिलेल्या गाडीवर मालकाला ‘फ्रिंज बेनिफिट्स’ कर भरावा लागतो. यूटचा खासगी वापर कामावर जाण्यायेण्यापुरता आणि किरकोळ असेल तर तो माफ होतो. महागड्या मोटारींवर ठरावीक किमतीच्या वरच्या रकमेला ३३ टक्के लक्झरी कर लागतो, पण मुख्यतः मालासाठी घडवलेल्या गाडीला तो लागत नाही. गाडी मालाची की माणसांची हे ठरवण्याची रीत मजेदार आहे. प्रत्येक आसनामागे ६८ किलोचा माणूस धरायचा. पाच आसनांचे ३४० किलो झाले. हे वजन गाडीच्या एकूण भारक्षमतेच्या निम्म्याहून कमी भरले की गाडी मालाची. त्यामुळे लाखभर डॉलरची, चामड्याच्या सीटची अमेरिकन यूट या करातून सुटते आणि तेवढ्याच किमतीची सेडान अडकते. कोविडच्या काळात, २०२०पासून, छोट्या-मोठ्या व्यवसायांना गाडीची पूर्ण किंमत पहिल्याच वर्षी खर्ची टाकायची मुभा मिळाली, तेव्हा वितरकांकडे रांगा लागल्या. या अवाढव्य अमेरिकन गाड्या, राम १५०० वगैरे, मेलबर्नमध्ये सुट्या करून त्यांचे स्टिअरिंग डावीकडून उजवीकडे आणले जाते. हे काम करणाऱ्यांत मालू बनवणाऱ्या समूहाचे वारसही आहेत.

धोरणाच्या बाजूने यूट नेहमीच अवघड जागचे दुखणे ठरली. २०१९च्या निवडणुकीत मजूर पक्षाने २०३०पर्यंत निम्म्या नव्या गाड्या विजेच्या करण्याचे लक्ष्य ठेवले. पंतप्रधान स्कॉट मॉरिसन यांनी मजूर पक्ष तुमचा वीकेंड संपवणार असा सूर लावला आणि त्यांच्या मंत्री मिकेलिया कॅश यांनी ट्रेडींच्या, म्हणजे सुतार-प्लंबर-इलेक्ट्रिशियन मंडळींच्या, यूट वाचवू असे सांगितले. मजूर पक्ष हरला. तो सत्तेवर आल्यावर २०२४ साली नव्या वाहनांसाठी कार्यक्षमता मानक मंजूर झाले, तेही नमते घेऊनच. कंपनीच्या सर्व नव्या गाड्यांच्या सरासरी कार्बन उत्सर्जनावर त्यात मर्यादा आहे. प्रवासी मोटारींसाठी २०२५ साली किलोमीटरला १४१ ग्रॅम, ती २०२९पर्यंत ५८वर येईल. यूट आणि हलक्या मालवाहूंसाठी २१० ग्रॅमवरून ११०. मर्यादा ओलांडली तर प्रत्येक ग्रॅममागे, प्रत्येक गाडीमागे ५० डॉलर दंड; मूळ प्रस्तावात १०० होते. चासीवर बांधलेल्या काही मोठ्या एसयूव्हीदेखील शेवटच्या टप्प्यात यूटच्या सैल खान्यात सरकवल्या गेल्या. दंडाचा आणि मर्यादेच्या आत राहणाऱ्यांना मिळणाऱ्या श्रेयांकांचा हिशेब १ जुलै २०२५पासून सुरू झाला. त्याच सुमारास चीनची बीवायडी शार्क ही प्लग-इन हायब्रिड, म्हणजे घरच्या विजेवर चार्ज होणारी आणि इंधनावरही चालणारी, यूट रस्त्यावर दिसू लागली. ती २,५०० किलोच ओढते, यावर चर्चा फार झाली. पण शहरातल्या बहुतेक यूटच्या मागे वर्षातून किती वेळा ट्रेलर लागतो, हा प्रश्न त्या मानाने कमी विचारला गेला.

या बाजारात महाराष्ट्राचाही छोटासा वाटा आहे. नाशिकच्या कारखान्यातून पुढे आलेल्या स्कॉर्पिओच्या सांगाड्यावर बांधलेला महिंद्रा पिक-अप ऑस्ट्रेलियात बरीच वर्षे विकला जातो. टाटांची झेनॉनही २०१३ साली तिथे उतरली होती. महिंद्राचे गिऱ्हाईक शहरातले नाही. द्राक्षमळ्यात आणि गोठ्यावर दुसरी, स्वस्त, खरचटली तरी जीव हळहळू नये अशी गाडी हवी असणारा शेतकरी ती घेतो. बहुतेकदा तो कारखान्याचा हौदा न घेता नुसती केबिन आणि चासी मागवतो आणि मागे सपाट ट्रे बसवतो, ज्याच्या तिन्ही बाजूंचे फाळके पडतात. असे ॲल्युमिनियमचे आणि पोलादाचे ट्रे गावोगावच्या छोट्या वेल्डिंग वर्कशॉपमध्ये बनतात : गिऱ्हाइकाच्या मापाने, पाण्याची टाकी कुठे, कुत्र्याचा पिंजरा कुठे, हे विचारून. थायलंडहून किंवा भारतातून आलेल्या यूटच्या मागे बहुधा तेवढाच भाग अजून ऑस्ट्रेलियात घडवलेला असतो.