सर्व्हिस क्लब: रोटरी, लायन्स, जायंट्स आणि तालुक्याच्या गावातलं त्यांचं काम

सर्व्हिस क्लब म्हणजे गावातले डॉक्टर, वकील, व्यापारी, सीए, इंजिनिअर, शिक्षक, कारखानदार अशा कामधंद्यातल्या लोकांनी स्वतःचा वेळ आणि खिशातले पैसे घालून लोकोपयोगी कामं करण्यासाठी चालवलेली संस्था. महाराष्ट्रात रोटरी आणि लायन्स सगळ्यात जास्त पसरलेत, जोडीला जायंट्स, जेसीज, इनरव्हील, तरुणांसाठी रोटरॅक्ट आणि लिओ. मुंबई-पुण्यात हे क्लब शेकडो संस्थांच्या गर्दीत मिसळून जातात, पण तालुक्याच्या गावात तसं नसतं, तिथे रक्तदान शिबिर, मोतीबिंदूचा कॅम्प, स्मशानभूमीतले बाक, एसटी स्टँडवरची पाणपोई, यातलं काहीतरी रोटरीचं किंवा लायन्सचं असतंच आणि गावाला ते माहीतही असतं.

रोटरी सुरू झाली १९०५ मध्ये शिकागोत, पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने तिघा व्यावसायिक मित्रांना घेऊन केली. लायन्सही शिकागोचीच, १९१७ ची, मेल्विन जोन्स या विमा व्यावसायिकाच्या पुढाकाराने. भारतात रोटरी आधी कलकत्त्यात आली, मुंबईचा क्लब १९२९ चा, आणि लायन्स भारतात आली ती १९५६ मध्ये मुंबईतूनच. जायंट्स मात्र पूर्ण आपली, नाना चुडासमा यांनी १९७२ मध्ये मुंबईत सुरू केलेली, आणि आपल्याकडे गावोगावी तिचे ग्रुप आहेत. क्लबांचे डिस्ट्रिक्ट असतात, ते सरकारी जिल्ह्यांपेक्षा वेगळे, उदा. रोटरीचा ३१३१ म्हणजे पुणे आणि रायगड, ३१७० मध्ये कोल्हापूर, दक्षिण कोकण, गोवा आणि पलीकडे बेळगाव-धारवाडही येतं.

रोटरी-लायन्स क्लबचं वर्ष १ जुलै ते ३० जून. दरवर्षी नवा अध्यक्ष, नवा सेक्रेटरी, नवा ट्रेझरर. जुलैत पदग्रहण होतं, जुना अध्यक्ष नव्याच्या गळ्यात कॉलर घालतो, पाहुणे बोलतात, जेवण होतं. १ जुलैलाच डॉक्टर्स डे, सीए डे आणि आपल्या राज्याचा कृषी दिन येतो, त्यामुळे नव्या अध्यक्षाचा पहिलाच दिवस डॉक्टरांचा सत्कार, सीएंचा सत्कार, प्रगतिशील शेतकऱ्याचा सत्कार आणि पाऊस झाला असेल तर झाडं लावणं यात जातो. या एका वर्षाच्या मुदतीचा फायदा असा की कुणी खुर्चीला चिकटून बसत नाही आणि वीस वर्षांत वीस माणसं तयार होतात. तोटाही मोठा आहे, त्याबद्दल पुढे.

पैसा कुठून येतो हा प्रश्न लोक नेहमी विचारतात. सभासदांची वर्गणी असते, पण तिचा बराचसा भाग वरच्या संस्थेला, मीटिंगच्या हॉलला आणि चहा-जेवणालाच जातो, कामासाठी वेगळा निधी उभा करावा लागतो. मराठी गावांतला जुना हुकमी मार्ग म्हणजे नाटकाचा चॅरिटी शो. मुंबई-पुण्याच्या चालू नाटकाचा एक अख्खा प्रयोग ठरलेली रक्कम देऊन घ्यायचा, नाट्यगृह बुक करायचं, तिकिटाचा दर नेहमीपेक्षा जास्त ठेवायचा आणि प्रत्येक सभासदाच्या हातात तिकिटांचं पुस्तक द्यायचं, तू एवढी खपव. दुसरा मार्ग स्मरणिकेचा, म्हणजे गावातल्या दुकानदारांच्या, पतसंस्थांच्या, कारखान्याच्या जाहिराती गोळा करायच्या. जाहिरात देणाऱ्यालाही माहीत असतं की स्मरणिका फारसं कुणी वाचत नाही, तो पैसे देतो ते समोर उभ्या असलेल्या माणसाच्या ओळखीवर आणि मागच्या वर्षी झालेल्या कामावर. म्हणून ट्रेझररने हिशोब वेळेवर मांडणं हे क्लबच्या जिवावरचं काम आहे, एकदा का गावात 'पैशाचं काय झालं कळलं नाही' अशी कुजबुज सुरू झाली की पुढची पाच वर्षं कुणी दारात उभं करत नाही.

मोठ्या देणग्या बहुतेक ठिकाणी क्लबच्या वेगळ्या नोंदणीकृत ट्रस्टमधून घेतात, कारण ८०जी ची, म्हणजे देणाऱ्याला आयकरात सवलत मिळवून देणारी पावती देता आली पाहिजे, आणि २००० रुपयांच्या वर रोख दिली तर देणाऱ्याला ती सवलत मिळत नाही म्हणून चेक किंवा ऑनलाइनचा आग्रह धरावा लागतो. एमआयडीसी जवळ असेल तर सीएसआरचा पैसा येतो, २०१३ च्या कंपनी कायद्याने ठराविक आकाराच्या वरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करणं बंधनकारक केलं, तेव्हापासून चाकण-रांजणगावसारख्या पट्ट्यातल्या क्लबांचं बजेटच बदललं. रोटरीत ग्लोबल ग्रँट असते, ती किमान ३०,००० डॉलरच्या प्रोजेक्टला मिळते आणि त्यासाठी परदेशातला एक क्लब सोबत लागतो, त्यातून डायलिसिस मशीन, शाळांमधली स्वच्छतागृहं अशी कामं होतात. कागदपत्रं भरपूर, गावाची गरज काय ते आधी अभ्यासून लिहून द्यावं लागतं, आणि ही अट मला चांगली वाटते, कारण आधी गावाला विचारावं लागतं.

कामांमध्ये सगळ्यात जुनं आणि मुरलेलं काम डोळ्यांचं. १९२५ मध्ये हेलन केलर यांनी लायन्सच्या अधिवेशनात अंधांसाठी काम करा असं आवाहन केलं आणि तेव्हापासून लायन्सने ते धरून ठेवलं, मिरजेचं लायन्स नॅब नेत्र रुग्णालय हे त्याच परंपरेतलं. कॅम्प कसा होतो ते सांगण्यासारखं आहे. आठवडाभर आधी बाजाराच्या दिवशी रिक्षावर स्पीकर लावून पुकारतात, आशाताई घरोघरी सांगतात. झेडपी शाळेच्या व्हरांड्यात टेबलं मांडतात, भिंतीवर तक्ता टांगतात, ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी ई आकाराचा, काटे कुठल्या बाजूला ते हाताने दाखवायचं. डोळ्यात थेंब टाकून म्हाताऱ्या माणसांची रांग बाकावर बसलेली असते, एका टेबलावर बीपी, दुसऱ्यावर शुगर, कारण शुगर वाढलेली असली तर ऑपरेशन पुढे ढकलतात. मोतीबिंदू पिकलेले लोक दुपारच्या बसने हॉस्पिटलला जातात आणि ऑपरेशन करून काळा चष्मा लावून परत येतात. हे कॅम्प बहुतेक थंडीत होतात, एक तर खरिपाचं काम उरकलेलं असतं आणि उन्हाळ्यात डोळ्याचं ऑपरेशन नको असा समज अजून घट्ट आहे. हॉस्पिटलला प्रत्येक ऑपरेशनमागे सरकारचं अंधत्व निवारणाचं अनुदान मिळू शकतं, क्लब बस, जेवण, औषधं आणि माणसं बघतो. खरी कसोटी पुढच्या महिन्यात असते, थेंब वेळेवर घातले का, तपासणीला आले का, चष्म्याचा नंबर काढला का. ऑपरेशनचा फोटो सगळे काढतात, महिन्याने आजींना पुन्हा गाडीत बसवून नेणारा क्लब खरा.

रक्तदान शिबिरं सगळेच घेतात. पुरुषाला ३ महिन्यांनी आणि बाईला ४ महिन्यांनी पुन्हा रक्त देता येतं, हिमोग्लोबिन साडेबाराच्या खाली असेल तर परत पाठवतात. मे महिन्यात कॉलेजं बंद असतात, दिवाळीत लोक गावाला, त्या दिवसांत रक्तपेढ्यांत खडखडाट असतो, आणि नेमक्या तेव्हा शिबिर लावणाऱ्या क्लबचं मोल रक्तपेढीवाल्यांना विचारावं.

पण माझ्या मते तालुक्याच्या गावात क्लबने केलेलं सगळ्यात उपयोगी काम म्हणजे रुग्णोपयोगी साहित्य केंद्र. घरात कुणी पडून असलं की एकदम लागतात त्या वस्तू, हॉस्पिटलचा फिरकीचा बेड, एअर बेड, व्हीलचेअर, वॉकर, कमोड खुर्ची, सक्शन मशीन, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर. विकत घ्यायच्या तर हजारोंचा खर्च आणि दोन-चार महिन्यांनी त्या माळ्यावर जाणार. क्लब या वस्तू घेऊन ठेवतो, डिपॉझिट घेतो, नाममात्र भाडं किंवा तेही नाही, वस्तू परत आली की डिपॉझिट परत. केंद्र बहुतेक वेळा एखाद्या सभासदाच्या मेडिकलच्या मागच्या खोलीत असतं, एक जाड रजिस्टर, त्यात नाव, आधारची झेरॉक्स, नेल्याची तारीख, आणल्याची तारीख. रात्री अकराला फोन आला तरी उठून शटर उघडणारा माणूस लागतो, आणि तो असतो. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत कॉन्सन्ट्रेटरसाठी लोक वणवण फिरत होते तेव्हा अशा रजिस्टरांवर कितीतरी घरांनी भरवसा ठेवला. बऱ्याच क्लबांकडे मृतदेह थंड ठेवणारी शवपेटी आणि वैकुंठरथही असतो, मुलगा पुण्याहून किंवा परदेशातून येईपर्यंत थांबायचं असतं, त्या रात्री घरच्यांना कुणाला फोन करायचा हे माहीत असणं ही केवढी मोठी सोय आहे.

पावसाळा सरता सरता काही क्लब ओढ्यांवर वनराई बंधारे घालतात, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू-माती भरून, तोंड शिवून, एकावर एक सांधे मोडून रचायच्या. एक दिवसाचं श्रमदान, कॉलेजची एनएसएसची पोरं, गावकरी आणि सभासद. खर्च जवळजवळ शून्य, आणि पुढचे काही महिने विहिरींना आणि जनावरांना पाणी.

एका वर्षाच्या अध्यक्षाचा तोटा म्हणालो तो इथे येतो. प्रत्येकाला स्वतःचा नवा प्रोजेक्ट हवा असतो, त्याच्या नावाची कोनशिला हवी असते. मग शाळेत वॉटर फिल्टर बसतो, फीत कापली जाते, पेपरात बातमी येते, आणि दीड वर्षाने फिल्टरची कॅन्डल बदलायला कुणी नसतं, नळाखाली मुलं पुन्हा टाकीचंच पाणी पितात, कारण तो मागच्या अध्यक्षाचा प्रोजेक्ट होता. लावलेल्या झाडांना उन्हाळ्यात पाणी घालायला कुणी जात नाही. ही टीका गावातले लोक करतात आणि ती रास्त आहे. ज्या क्लबांनी देखभालीचे पैसे प्रोजेक्टच्या खर्चातच आधी धरले, तीन वर्षांची कमिटी नेमली आणि नव्या अध्यक्षाकडून जुनं काम पुढे न्यायचं कबूल करून घेतलं, तिथे चित्र वेगळं दिसतं.

धरून ठेवल्यावर काय होतं ते पोलिओने दाखवलं. रोटरीने १९८५ मध्ये पोलिओ प्लस हाती घेतलं, तेव्हा जगात वर्षाला काही लाख मुलं अपंग होत होती. भारतात पल्स पोलिओ १९९५ पासून देशभर सुरू झालं, मोहीम अर्थात सरकारची, नर्सबाईंची आणि अंगणवाडीताईंची, पण पोलिओ रविवारी बूथवर मंडप, टेबल, बर्फ, नाश्ता, भोंगा, आणि बूथवर न आलेल्या मुलांसाठी दुसऱ्या दिवसापासून घरोघर फिरायला गाडी हे कितीतरी गावांत रोटरीवाल्यांनी बघितलं. ऊसतोड कामगारांच्या खोप्यांवर, वीटभट्ट्यांवर, रेल्वे स्टेशनवर जाऊन मुलं शोधावी लागायची, डोस दिला की डाव्या करंगळीला शाई. २००९ मध्ये देशात ७४१ केसेस होत्या, २०१० मध्ये ४२, आणि शेवटची १३ जानेवारी २०११ ला पश्चिम बंगालच्या हावडा जिल्ह्यात. २७ मार्च २०१४ ला भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. या काळात प्रत्येक क्लबचे पंचवीस-तीस अध्यक्ष बदलले आणि काम एकच राहिलं.

बायकांना रोटरी आणि लायन्समध्ये १९८० च्या दशकाअखेर प्रवेश मिळाला. त्याआधी रोटरीच्या सभासदांच्या पत्नी इनरव्हीलमधून काम करायच्या, १९२४ मध्ये मँचेस्टरला सुरू झालेली ही संघटना आजही स्वतंत्र आहे आणि किशोरवयीन मुलींची हिमोग्लोबिन तपासणी, सॅनिटरी पॅड, बचत गटांना दिवाळीत विक्रीसाठी स्टॉल अशी कामं तिच्यामुळे गावात होतात, जी पुरुषांच्या मीटिंगमध्ये सुचलीही नसती. आता कित्येक क्लबांच्या अध्यक्ष बायका आहेत.

सभासद व्हायला सहसा कुणीतरी नाव सुचवावं लागतं आणि वर्गणी सगळ्यांना परवडणारी नसते, त्यामुळे शेतमजूर, रिक्षावाले, छोटे कारागीर क्लबमध्ये जवळपास दिसत नाहीत, ही उणीव खरीच आहे. पण शिबिरात हात लावायला, बंधाऱ्याच्या गोण्या भरायला किंवा साहित्य केंद्रातून वॉकर न्यायला सभासद असावं लागत नाही, क्लबच्या सेक्रेटरीचा नंबर गावातल्या कुठल्याही मेडिकलवर मिळतो.