मित्रवाचक संबोधने (कोकण)

कोकण किनाऱ्यावर मित्राला हाक मारताना वापरले जाणारे बोलीतले शब्द. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत आणि पुढे गोव्यात ते बदलत जातात. ‘मित्र’ हा शब्द हाकेत सहसा येत नाही. तो लग्नपत्रिकेतल्या ‘मित्रपरिवारा’त शोभतो. हाकेतले बहुतेक शब्द मुळात मैत्रीचे नाहीतच. कुणी नात्यातून आला, कुणी बोटीवरून, कुणी चक्क शिवीतून.

‘दोस्त’ आणि ‘यार’ फारसीतले, पण ते मराठीत सगळीकडेच आहेत. ‘नाखवा’ मात्र किनाऱ्याचा. फारसी ‘नाखुदा’ म्हणजे नौकेचा धनी, त्यापासून तो झाला. कोळीवाड्यात बोटीच्या मालकाला तो लागतो आणि मानाची हाक म्हणून इतरांनाही. आगरी-कोळी ‘दादूस’ हा ‘बापूस’, ‘आयस’ यांच्याच घडणीचा. अर्थ थोरला भाऊ, पण रायगड-ठाण्यात समवयस्कालाही दादूसच म्हणतात. हळदीच्या गाण्यांनी तो मुंबईभर नेला.

मालवणीतला ‘मेल्या’ सर्वांत गमतीचा. एरवी मराठीत हा तळतळाट, पण ‘इतके दिवस खंय होतस रे मेल्या?’ यात रागापेक्षा ओढच जास्त असते. समोरचा बरोबरीचा किंवा लहान हवा. वडीलधाऱ्याला म्हटले तर खरोखरच भांडण होईल. म्हातारी माणसे तरुणाला ‘झिला’ म्हणतात, म्हणजे मुला. बायकांत नुसता ‘गो’ पुरतो.

गोव्यात मित्र म्हणजे ‘इश्ट’ आणि मैत्री म्हणजे ‘इश्टागत’. मूळ संस्कृत ‘इष्ट’. १९६१ पर्यंतच्या पोर्तुगीज अमलाने ‘पात्रांव’ (मालक) दिला, जो आता कुणीही कुणालाही म्हणतो. ‘कुंपार’ बाप्तिस्म्यातून आला: मुलाचा बाप आणि मुलाचा धर्मपिता एकमेकांचे कुंपार.

शब्दांची सर्वांत मोठी सरमिसळ मुंबईच्या गिरणगावात झाली. रत्नागिरी-सिंधुदुर्गातले कामगार गावाच्या नावाने घेतलेल्या खोल्यांत दाटीवाटीने राहत. तिथे ‘गाववाला’ हेच मोठे नाते होते. गिरणीतली पाळी, जेवण, उसनवारी सगळे त्याच्याच भरवशावर. खेळातला जोडीदार असलेला ‘भिडू’ मुंबईच्या बोलीतून हिंदी सिनेमात गेला. चाकरमानी गणपती-शिमग्याला गावी येताना असे शब्दही घेऊन येत. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, खोल्या रिकाम्या झाल्या. हल्लीचा ‘भावा’ मुंबईचा नव्हे, घाटावरचा. मोबाइलमुळे तो चिपळूण-कणकवलीच्या कॉलेजांत सर्रास ऐकू येतो.