बोजारा

बोजारा : पोळ्याच्या दिवशी सजवलेला बैल घेऊन दारी येणाऱ्यास, बैलाची पूजा आटोपल्यावर त्या घराने द्यावयाचे पैसे. ही रूढी विदर्भातील खेड्यांत आढळते. दुसऱ्या दिवशीच्या तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन फिरणाऱ्या मुलांना मिळणारे पैसे व खाऊ यांनाही बोजाराच म्हणतात. बोजारा मजुरी नव्हे आणि भीकही नव्हे. त्याला हॉटेलातल्या टिपेसारखी बक्षिसी म्हणावे, की बलुत्यासारखा गावकीतला हक्क, हा या नोंदीतला खरा प्रश्न आहे.

पोळा बहुतेक ठिकाणी श्रावण अमावस्येला, म्हणजे पिठोरी अमावस्येला होतो. काही भागांत तो भाद्रपद अमावस्येला करतात. डवरणी-वखरणीचा मुख्य ताण तोवर सरलेला असतो. आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात : हळद कालवलेले तूप किंवा तेल, साधले तर पळसाच्या पानाने, जुवाने घट्टे पडलेल्या जागी चोळतात आणि बैलाला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतन देतात. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू चढत नाही. अंघोळ, शिंगांना रंग व बेगड, कपाळी बाशिंग, पाठीवर झूल, नवी वेसण आणि नवा कासरा अशी सजावट करून दुपारनंतर जोड्या गावाबाहेर आखरावर (गुरे जमवण्याच्या मोकळ्या जागी) तोरणाखाली उभ्या करतात. झडत्या (पोळ्याची लोकगीते) म्हणून होतात, ‘हर हर महादेव’चा गजर होतो, मानकरी तोरण तोडतो आणि पोळा फुटतो.

बोजाऱ्याचे काम पोळा फुटल्यावर सुरू होते. जोडी आधी मारुतीच्या देवळाला जाते, मग मालकाच्या घरी, त्यानंतर भाऊबंद, शेजारी व ज्यांच्याशी देणेघेणे आहे अशांच्या दारी. घरची बाई बैलाच्या खुरांवर पाणी घालते, कुंकू-अक्षता लावते, ओवाळते आणि पुरणपोळीचा नैवेद्य चारते. पैसे ओवाळण्याच्या ताटात ठेवलेले असतात. ओवाळणे संपले की कासरा धरणारा ते स्वतः उचलतो किंवा घरधनी त्याच्या हाती देतो. मोजून घेण्याची किंवा कमी पडले म्हणून बोलण्याची रीत नाही. जो कासरा धरतो त्याचा बोजारा, हा सर्वसाधारण दंडक आहे. जोडीमागे दोघे असतील तर रात्री वाटणी होते. बैलाचा मालक स्वतः जोडी घेऊन फिरला तर जवळच्या घरी तो बहुधा घेत नाही, घेतलाच तर घरातल्या पोराच्या हाती देतो. शेजारघरी दहा-वीसची नोट पुरते. स्वतःच्या मालकाकडून शंभरापासून पुढे आणि त्याखेरीज दुपट्टा किंवा कापडाचा जोड मिळावा, अशी सालदाराची, म्हणजे वर्षाच्या बोलीवरच्या गड्याची, अपेक्षा असते. अकरा, एकवीस, एक्कावन्न असे आकडे शुभ मानतात. त्यामुळे त्या दिवशी गावात रुपयाच्या नाण्यांची टंचाई होते.

चुका बहुधा दारातच होतात. गुळगुळीत फरशीच्या पायरीवर बैलाचा खूर घसरतो. एकदा घसरलेला बैल त्या दारी पुन्हा चढत नाही, म्हणून जाणकार आधी ओले पोते अंथरून घेतात. बैलाला नाकाच्या अगदी पुढचे आणि पाठीमागचे दिसत नाही, त्यामुळे निरांजन समोरून वर न आणता बाजूने, डोळ्याच्या पातळीखाली ठेवून ओवाळावे लागते. कासरा धरणाऱ्याने खांद्याजवळ, वेसणीला हात पुरेल असे उभे राहावे. नैवेद्याला खेटून ठेवलेली नोट बैल पोळीसकट ओढून नेतो आणि ज्योतीजवळची नोट जळते, म्हणून ती ताटाच्या कडेला सुपारीखाली दाबून ठेवतात. खरा धोका मात्र पोळीचाच. वीस घरी वीस पोळ्या म्हणजे शिजलेला गहू, डाळ आणि गूळ यांचा मोठा भार एका संध्याकाळी रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात जातो. तो तिथे आंबतो, पोट फुगते, बैल रवंथ सोडतो व पातळ शेण टाकतो. अशा वेळी घरगुती काढ्यांत रात्र घालवू नये, पशुवैद्यकाला बोलवावे. शहाणा गडी प्रत्येक घरी घासभर पोळी चारून उरलेली फडक्यात बांधून घेतो. ती फडक्यातली पोळीही बोजाऱ्याचाच भाग मानली जाते.

सालदाराच्या मजुरीशी बोजाऱ्याचे नाते नीट पाहावे लागते. सालदार म्हणजे वर्षभराच्या बोलीवर बांधलेला गडी. बोलीत रक्कम, काही ठिकाणी धान्य आणि आगाऊ घेतलेली उचल ठरते. उचल सालाच्या रकमेतून कापली जाते, बोजारा कापला जात नाही. पोळ्याला दिलेले पैसे हिशेबात धरणारा मालक गावात बदनाम होतो आणि पुढच्या वर्षी त्याला चांगला गडी मिळणे अवघड जाते. उलट बाजूही आहे. बोलीत नसल्यामुळे बोजारा मागता येत नाही, आणि न मिळाल्यास कुठे दादही मागता येत नाही. शेतमजुराचे किमान वेतन कायद्याने ठरते, बोजारा त्या हिशेबात कुठेच नाही.

उगमाविषयी दोन तऱ्हेने विचार करता येतो. एक पक्ष बोजाऱ्याला बलुत्याच्या वर्गात घालतो. बलुतेदाराला वर्षभराच्या सेवेबद्दल खळ्यावर धान्य मिळे आणि सणावारी पोळी, पैसा, वस्त्र असे वरकड हक्क असत. बोजारा हा अशाच वरकड हक्काचा अवशेष, असे हा पक्ष मानतो. ठरावीक दिवस, ठरावीक घरे आणि घासाघीस नसणे ही लक्षणे त्याला अनुकूल आहेत. दुसऱ्या पक्षाच्या मते हे पैसे मुळात माणसासाठी नव्हतेच. ते बैलाच्या ओवाळणीचे होते, आणि बैलाला पैशाचा उपयोग नसल्याने ते त्याला सांभाळणाऱ्याकडे आले. दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. बलुते जातीच्या कामाला बांधलेले असते. बोजारा कोणत्याही जातीच्या कासरा धरणाऱ्याला मिळतो, आणि कासरा सोडला की मिळत नाही. शिवाय तान्ह्या पोळ्यात सेवा कसलीच नसते, लाकडाचा बैल तेवढा असतो, तरी बोजारा द्यावाच लागतो. बलुत्याच्या मताने याचा उलगडा होत नाही. अर्थात सालदाराला मालकाकडून मिळणारे कापड बलुत्याच्या चालीचे दिसते. कदाचित दोन निराळ्या रूढी एका नावाखाली एकत्र आल्या असाव्यात.

पोळ्यातील मान-अपमानाचा पुरावा जुना आहे. रसेल व हीरालाल यांच्या मध्य प्रांतातील जातीजमातींवरील ग्रंथात (१९१६) कुणब्यांविषयी लिहिताना बैलांची रांग मालकाच्या संपत्तीपेक्षा घराण्याच्या मानाप्रमाणे लागते, आणि आपली जागा चुकली तर कुणब्याला ती गोष्ट फार लागते, असे नोंदवले आहे. रांगेचा हा क्रम बोजाऱ्याच्या फेरीतही उतरत असे : कोणती जोडी कोणाच्या दारी आधी, आणि कोणाची अंगणाबाहेरच. १९५६ मध्ये नागपुरात झालेल्या धर्मांतरानंतर अनेक गावांतील बौद्धांनी गावकीची कामे व त्यापोटी मिळणारी भाकर, धान्य घेणे सोडले. सणाच्या दानाकडे पाहण्याची दृष्टी त्यामुळे एकसारखी राहिली नाही, हे बोजाऱ्याचे कौतुक करणारे लेखन बहुधा सांगत नाही.

तान्ह्या पोळ्याचे श्रेय परंपरेने नागपूरकर भोसल्यांना, बहुधा दुसऱ्या रघूजींना (कारकीर्द १७८८–१८१६) दिले जाते. आरंभाच्या वर्षाबाबत एकवाक्यता नाही. अठराव्या शतकाची अखेर ते एकोणिसाव्याचा प्रारंभ एवढेच सावधपणे म्हणता येईल. वर्धा जिल्ह्यातील सिंदी (रेल्वे) येथील तान्हा पोळा मोठमोठ्या लाकडी बैलांसाठी प्रसिद्ध आहे. चाकांवरचा लाकडी बैल ओढत मुले ओळखीच्या दारी उभी राहतात आणि ‘काकू, बोजारा’ एवढेच म्हणतात. हे पैसे मुलांचेच राहतात. आईबापांनी ते घेणे अप्रशस्त समजतात.

परदेशांतील टिपेशी तुलना केल्यास बोजाऱ्याचे वेगळेपण लक्षात येते. अमेरिकेच्या संघीय कायद्यात किमान वेतन ताशी ७.२५ डॉलर असले तरी टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने रोख द्यावयाची किमान रक्कम १९९१ पासून २.१३ डॉलर आहे. उरलेली भर टिपेतून पडते, न पडल्यास मालकाने घालायची असते. अनेक राज्यांत ही रक्कम जास्त आहे. म्हणजे तेथे टिप ही मजुरीचाच तुकडा झाली आहे. फ्रान्समध्ये सेवेचे पैसे बिलातच धरलेले असतात, जपानमध्ये टिप देण्याची चाल नाही. भारतात हॉटेलांनी बिलात आपोआप सेवाशुल्क लावू नये, असे निर्देश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये दिले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते ग्राह्य धरले. देणाऱ्याच्या खुशीवर सोडलेले असूनही चुकवता न येणारे, हे टिप आणि बोजारा यांतले साम्य. पण टिपेत देणारा सेवेचा दर्जा जोखतो. बोजाऱ्यात जोखण्यासारखे काही नसते, बैल नांगराला चांगला आहे की नाही हे शेजारणीला ठाऊकही नसते. मुंबई-पुण्याकडची दिवाळीची पोस्त बोजाऱ्याला जास्त जवळची.

ट्रॅक्टरमुळे जोड्या घटल्या, सालदारांच्या जागी रोजमजूर आले. रोजमजुराला कोणाच्या बैलाचा कासरा धरण्याचे कारण उरत नाही. काही गावांत दहा-बारा जोड्यांवर पोळा भरतो आणि घरे तेवढीच राहतात, त्यामुळे एकेका जोडीला पूर्वीपेक्षा जास्त दारे पडतात व पोटफुगीचा धोका वाढतो. कोरोनाच्या काळात, आणि पुढे लम्पी त्वचारोगाच्या साथीत काही जिल्ह्यांत, बैल एकत्र आणण्यावर बंदी आली. तोरण लागले नाही, पूजा गोठ्यातच झाली. बोजाऱ्याचा पैसा दारूत जातो ही बायकांची तक्रार जुनीच आहे. म्हणून काही घरी पैशाऐवजी धान्य किंवा गड्याच्या घरासाठी साडी देतात.

दिवाळीच्या पाडव्याला गोवारी समाज गायगोधन (गाईंची पूजा) करतो, ढाल घेऊन नाचत घरोघर जातो. तेव्हा गावची गुरे राखणाऱ्या गायक्याला गुरांच्या मालकांनी दिलेले धान्य व पैसे हे बोजाऱ्याचे जवळचे भावंड होय. ते मात्र बलुत्याला अधिक जवळचे, कारण गायक्याचा हक्क गुरांच्या संख्येवर मोजला जातो.