काकुरे किरिशितान

काकुरे किरिशितान : जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावर बंदी असताना तो लपूनछपून पाळणारा समाज. 'किरिशितान' हे पोर्तुगीजांकडून आलेले ख्रिस्ती माणसाचे जुने जपानी नाव, तर 'काकुरे' म्हणजे लपलेला. बंदी उठण्यापूर्वीच्या लोकांना अभ्यासक बहुधा 'सेनपुकु किरिशितान' म्हणतात आणि बंदी उठल्यावरही जुनीच रीत न सोडणाऱ्यांसाठी 'काकुरे' हे नाव राखून ठेवतात. प्रस्तुत नोंदीत दोहोंचा विचार केला आहे. नागासाकीजवळची उराकामी व सोतोमे ही खेडी, गोतो बेटे, हिरादो व इकित्सुकी बेटे आणि अमाकुसा या भागांत हे लोक राहत. बहुतेक जण गरीब शेतकरी आणि मासेमार होते.

संकटात श्रद्धा टिकवण्याविषयी मत्तयच्या शुभवर्तमानात दोन वचने आहेत. शेवटपर्यंत टिकून राहील त्याचे तारण होईल, हे एक. जो मला माणसांसमोर नाकारील त्याला मीही पित्यासमोर नाकारीन, हे दुसरे. जपानी ख्रिस्ती या दोन वचनांच्या कात्रीत सापडले. चारचौघांत नाकारल्याशिवाय टिकून राहण्याची सोयच त्यांना उरली नव्हती.

जपानमधील ख्रिस्ती धर्माची सुरुवात गोव्याशी जोडलेली आहे. कागोशिमाहून परागंदा झालेला आंजिरो हा जपानी इसम फ्रान्सिस झेवियरला मलाक्कात भेटला. १५४८ मध्ये गोव्यात त्याचा बाप्तिस्मा झाला आणि तेथील सेंट पॉल कॉलेजात तो शिकला. त्यालाच दुभाष्या म्हणून बरोबर घेऊन झेवियर १५ ऑगस्ट १५४९ रोजी कागोशिमाच्या किनाऱ्यावर उतरला. पुढल्या साठ-सत्तर वर्षांत क्यूशू बेटावरचे काही सरदार आणि त्यांची प्रजा ख्रिस्ती झाली. सतराव्या शतकाच्या आरंभी ही संख्या तीन लाखांच्या घरात गेली असावी, असा अंदाज आहे. सगळेच मनापासून आले होते असे नाही. पोर्तुगीज जहाजे आपल्या बंदराला लागावीत हा सरदारांचा स्वार्थ त्यात होताच.

जपानचा तेव्हाचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशीने १५८७ मध्ये पाद्र्यांना देश सोडण्याचा हुकूम काढला, पण तो फारसा अमलात आला नाही. १५९६ मध्ये 'सान फेलिपे' हे स्पॅनिश जहाज तोसाच्या किनाऱ्यावर फुटले आणि त्यावरून उठलेल्या वादात हिदेयोशीचा संशय भडकला. क्योतो व ओसाका येथे धरलेल्या ख्रिस्ती लोकांचे डावे कान कापून त्यांना ऐन हिवाळ्यात नागासाकीपर्यंत चालवत नेण्यात आले. वाटेत आणखी दोघांची भर पडली. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर २६ जणांना क्रुसांवर बांधून भाल्यांनी भोसकले. त्यांत २० जपानी होते, आणि सर्वांत लहान लुदोविको इबाराकी १२ वर्षांचा होता.

या २६ जणांत वसईचा गोन्सालो गार्सिया होता. बाप पोर्तुगीज, आई स्थानिक, जन्म १५५६-५७ च्या सुमाराचा. वसईतल्या जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाच्या पाद्र्यांच्या हाताखाली शिकून तो पोरवयातच त्यांच्याबरोबर जपानला गेला, तिथली भाषा अस्खलित बोलू लागला आणि धर्मशिक्षक म्हणून राबला. जेझुइट संघात मात्र त्याला प्रवेश मिळाला नाही. मग काही काळ व्यापार करून तो मनिलाला फ्रान्सिस्कन या दुसऱ्या धर्मसंघाचा बंधू झाला आणि १५९३ मध्ये पेद्रो बाप्तिस्ता यांच्या वकिलातीचा दुभाष्या म्हणून हिदेयोशीपुढे उभा राहिला. १८६२ मध्ये पोप नववे पायस यांनी २६ जणांना संतपद दिले. गास गावचे चर्च आणि वसईतले महाविद्यालय त्याच्या नावाचे आहे.

रक्तसाक्षी, म्हणजे धर्मासाठी प्राण देणारे, म्हटले की अशीच माणसे डोळ्यांसमोर येतात. पण त्यांच्या मृत्यूने जपानी ख्रिस्ती घाबरण्याऐवजी पेटूनच उठतात, हे हिदेयोशीनंतर देशावर राज्य करणाऱ्या तोकुगावा घराण्याच्या लवकर लक्षात आले. १६१४ मध्ये देशभर बंदी आली. १६२२ मध्ये नागासाकीत ५५ जणांना एकाच दिवशी मारले, तेव्हा बघायला आलेला जमाव स्तोत्रे गात होता. त्यानंतर धोरण बदलले. मेलेल्या पाद्र्यापेक्षा धर्म सोडलेला पाद्री सरकारच्या अधिक कामाचा होता. कैद्याला घाणीच्या खड्ड्यात उलटे टांगायचे आणि लवकर मरू नये म्हणून कानामागे चीर द्यायची, ही शिक्षा त्यातूनच निघाली. १६३३ मध्ये जेझुइटांचा प्रमुख क्रिस्तोव्हाओ फेरेइरा तिथे सुमारे पाच तासांत मोडला आणि पुढे सावानो चुआन या नावाने सरकारची चाकरी करू लागला. सारावाढ आणि उपासमारीने पेटलेले शिमाबाराचे बंड (१६३७-३८) ख्रिस्ती झेंड्याखाली लढले गेले आणि हारा किल्ल्यात सुमारे ३७,००० माणसे मारली गेली. १६३९ मध्ये पोर्तुगीज जहाजांना बंदर बंद झाले. १६४४ मध्ये कोनिशी मान्शो हा देशात उरलेला शेवटचा धर्मगुरूही मारला गेला.

जपानी ख्रिस्ती श्रद्धेची खरी कसोटी इथून पुढे लागली, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. क्रुसावर एक दिवस काढायचा असतो. या लोकांना सव्वादोनशे वर्षे काढायची होती. प्रत्येक कुटुंबाला बौद्ध मंदिरात नाव नोंदवावे लागे. पाच-पाच घरांची एकमेकांवर जामिनकी होती आणि ख्रिस्ती माणूस दाखवून देणाऱ्याला चांदीच्या नाण्यांचे इनाम होते. नागासाकी भागात दर नववर्षाला गावकऱ्यांनी रांगेने येऊन येशू किंवा मरियेच्या चित्रावर पाय द्यायचा असे. याला 'फुमिए' म्हणत. कागदाची-लाकडाची चित्रे टिकेनात म्हणून १६६९ मध्ये पितळी ठसे ओतवून घेतले. आज संग्रहालयात त्यांतले चेहरे झिजून सपाट झालेले दिसतात.

बहुतेकांनी पाय दिला, आणि मग घरी जाऊन त्यांनी 'कोन्चिरिसान', म्हणजे पश्चात्तापाची प्रार्थना, म्हटली. पापनिवेदनाला, म्हणजे पापांची कबुली द्यायला, धर्मगुरू मिळणार नाही हे ओळखून १६०३ च्या सुमारास एक छोटी पुस्तिका काढण्यात आली होती. मनापासून पश्चात्ताप केला आणि संधी मिळताच पापनिवेदन करण्याचा निश्चय ठेवला, तर देव क्षमा करतो, ही कॅथलिक शिकवण तीत जपानी भाषेत मांडली होती. तिच्या हस्तलिखित नकला पिढ्यानपिढ्या होत राहिल्या. दरसाल पाय द्यायचा, दरसाल रडायचे, आणि पापनिवेदनाची संधी मिळत नाही ती नातवंडांना मिळेल म्हणून प्रार्थना पाठ करून घ्यायची. याला धर्मत्याग म्हणावे की चिकाटी, याचा निवाडा सोपा नाही. पण नुसता धर्मत्याग असता, तर घरी परतून पश्चात्ताप करण्याचे कारणच उरले नसते.

दुसरा आधार संघटनेचा होता. बाप्तिस्मा अडीअडचणीला कोणीही देऊ शकतो, पाणी आणि ठरलेले शब्द तेवढे बरोबर हवेत. म्हणून प्रत्येक वस्तीत 'मिझुकाता' नेमलेला असे. तान्ह्या बाळांना तोच पाणी देई. निरोप्या घरोघर जाऊन सणवार कळवी. सर्वांवर 'चोकाता', म्हणजे पंचांग सांभाळणारा. 'बास्चान' या धर्मशिक्षकाच्या नावाने ओळखले जाणारे १६३४ चे पंचांग त्याच्याकडे असे. त्यावरून तो दरवर्षी नाताळ, उपवासकाळ आणि ईस्टर यांच्या तिथ्या काढी. कोणत्या दिवशी सुईदोरा हाती धरायचा नाही, शेतात खत टाकायचे नाही, हेही तोच सांगे. सात पिढ्यांनंतर काळ्या जहाजांतून पापनिवेदन ऐकणारे येतील, हे भाकीतही बास्चानचेच मानले जाई.

प्रार्थनांना 'ओराशो' म्हणत. लॅटिन, पोर्तुगीज आणि जपानी यांची त्यांत इतकी सरमिसळ झाली की पुढेपुढे म्हणणाऱ्यालाही अर्थ लागेना. सोतोमे व गोतोत त्या तोंडातल्या तोंडात पुटपुटत. इकित्सुकीत मोठ्याने, काही तर चालीवर. करुणेची बौद्ध देवता कान्नोन हिची बाळ घेतलेली मूर्ती मरिया म्हणून पुजली जाई, आणि इकित्सुकीत देवाच्या वस्तू आतल्या खोलीच्या कपाटात ठेवत. अंत्यविधीला बौद्ध भिक्षू सूत्रे म्हणू लागला की पलीकडच्या खोलीत ती 'पुसून टाकणारी' प्रार्थना चाले.

सात पिढ्यांचे भाकीत बरेचसे खरे ठरले. जपानची बंदरे उघडल्यावर परदेशी रहिवाशांसाठी नागासाकीत ओउरा चर्च उभे राहिले. १७ मार्च १८६५ रोजी उराकामीचे पंधराएक जण दाराशी येऊन घुटमळू लागले. फ्रेंच धर्मगुरू बेर्नार पतीजाँ यांनी दार उघडले आणि ते आत जाऊन प्रार्थनेला गुडघे टेकतात तोच एका बाईने जवळ येऊन हळूच सांगितले, की आमचे आणि तुमचे मन एकच आहे. मग तिने सांता मारियाची मूर्ती कुठे आहे असे विचारले. बोलता बोलता त्या लोकांनी सांगितले, की सध्या दुःखाचा काळ चालू आहे आणि आज त्याचा सतरावा दिवस. त्या वर्षी राखेचा बुधवार, म्हणजे उपवासकाळाचा पहिला दिवस, १ मार्चला होता. धर्मगुरूचे तोंडही न पाहिलेल्या शेतकऱ्यांचा हिशोब एका दिवसानेही चुकला नव्हता.

बंदी मात्र अजून उठली नव्हती. उराकामीकरांनी भिक्षूला न बोलावता मयत पुरायला सुरुवात केली, आणि जुलै १८६७ मध्ये रात्री धाड पडली. पुढे तोकुगावांच्या जागी आलेल्या मेइजी सरकारने जवळपास सगळे गाव, सुमारे ३,४०० माणसे, देशभरातल्या वीसेक संस्थानांत हद्दपार केले. त्यांतली सहाशेहून अधिक परत आली नाहीत. त्सुवानो येथे कैद्यांना हाडे गोठवणाऱ्या थंडीत बर्फ फोडून तळ्यात उतरवत; उभेही राहता येणार नाही अशा तीन फुटी पिंजऱ्यात डांबत. धर्म सोडणाऱ्याला पोटभर भात आणि राहायला घर मिळे. अनेकांनी सोडला, आणि त्यांतल्या काहींनी अधिकाऱ्याकडे परत जाऊन आपला शब्द मागे घेतला. गोतोच्या हिसाका बेटावर एका लहानशा खोलीत सुमारे २०० माणसे आठ महिने कोंडली होती. गर्दी इतकी, की मुलांचे पाय जमिनीला टेकत नसत. चाळिसेक जण दगावले. पाश्चात्त्य सरकारांनी टीकेची झोड उठवल्यावर फेब्रुवारी १८७३ मध्ये बंदीच्या पाट्या उतरल्या. हद्दपारीच्या त्या वर्षांना उराकामीकर 'प्रवास' म्हणत.

परतलेल्यांनी ज्या मुखियाच्या वाड्यात त्यांना फुमिएवर पाय द्यावा लागे, तीच जागा विकत घेऊन तिथे चर्च बांधले. विटा रचायला १८९५ ते १९१४ अशी १९ वर्षे लागली. ९ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबॉम्ब त्यापासून सुमारे ५०० मीटरवर फुटला. उराकामीच्या सुमारे १२,००० ख्रिस्ती रहिवाशांपैकी ८,५०० मेले, असे मानले जाते. मृतांत मिदोरी नागाई होती, उराकामीच्या चोकाता घराण्यातली. तिचे पती, क्ष-किरणतज्ज्ञ ताकाशी नागाई यांनी नोव्हेंबरमधल्या स्मरणविधीत हा संहार म्हणजे देवाने स्वीकारलेले अर्पण आहे असे सांगितले. वाचलेल्यांना त्याने धीर आला. बॉम्ब टाकणारे आणि युद्ध लांबवणारे त्यातून अलगद सुटतात, हा नंतरच्या टीकाकारांचा आक्षेपही रास्त आहे. चर्च १९५९ मध्ये पुन्हा उभे राहिले. २०१८ मध्ये नागासाकी परिसरातील गुप्त ख्रिस्तींची १२ स्थळे युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली.

१८७३ नंतर सगळेच कॅथलिक चर्चकडे परतले नाहीत. काहींना घरातले बौद्ध देव्हारे आणि पूर्वजांची पूजा टाकवेना. काहींना पाद्री सांगतात ते पूर्वजांनी शिकवल्यासारखे वाटेना. इकित्सुकीच्या गटांनी कपाटातले देव आणि ओराशो तशीच ठेवली. छळाने जे मोडले नाही ते नंतर मासेमारीतल्या उतारामुळे आणि तरुण शहरांकडे गेल्यामुळे विरत गेले. पद सांभाळायला माणूस मिळेना म्हणून एकेक गट विसर्जित झाला. जे थोडे उरले आहेत, त्यांत ओराशो तोंडपाठ असणारे बहुतेक म्हातारे आहेत.