कमी पैशांचा सिनेमा आणि स्वतंत्र सिनेमा

बेळगावातल्या एखाद्या पोरानं चार मित्रांना घेऊन खानापूरच्या रानात सिनेमा काढला, की आपण लगेच म्हणतो, इंडिपेंडंट फिल्म केली. बरीच वर्षं मीही तसंच म्हणत होतो. पण कमी बजेट म्हणजे खर्च किती झाला, एवढंच. स्वतंत्र म्हणजे शेवटचा शब्द कोणाचा.

हे मला एका लघुपटाच्या एका वाक्यावरून उमगलं. आजी नातवाला विचारते, "कुठं जाऊलास रे?" शूटिंगला ती तसंच बोलली. डबिंगच्या वेळी पैसे घालणाऱ्यानं अट घातली: पुण्या-मुंबईकडं कळणार नाही, बदला. पडद्यावर आजीचे ओठ 'जाऊलास' म्हणत होते आणि ऐकू येत होतं, "कुठे चाललायस?" सगळी पोरं फुकट राबलेली, पण सिनेमा त्यांचा राहिला नव्हता.

याउलट 'कोर्ट' (२०१४). विवेक गोंबर यांनी त्याची निर्मिती केली, त्यातला वकीलही रंगवला, आणि चैतन्य ताम्हाणे यांनी आपल्या मनासारखा सिनेमा केला. कन्नडमध्ये पवन कुमार यांनी 'लुसिया' (२०१३) साठी थेट लोकांकडून पैसे उभे केले. कन्नडच्याच 'तिथी'त मंड्याकडच्या गावकऱ्यांनीच कामं केली, बोलीही त्यांचीच. २०१५ साली तो स्वित्झर्लंडमधल्या लोकार्नो चित्रपट महोत्सवात गाजला. आपल्याला मराठी-कन्नड दोन्ही भाषा कळतात, सीमाभागाचं हे भाग्यच! 'सैराट'मागे मात्र मोठा स्टुडिओ होता, तरी करमाळ्याकडची बोली टिकली. म्हणजे स्टुडिओ आला की बोली जातेच, असंही नाही.

परीक्षणात हा घोळ फार होतो. 'कमी बजेट असूनही स्तुत्य प्रयत्न' असं लिहून मोकळं व्हायचं. ड्रोन नाही, परदेशी लोकेशन नाही, हे पैशांमुळे; तिथं सूट द्यावी. पण वाऱ्यात संवाद वाहून गेला, तर माईक नटाजवळ का नव्हता हे विचारायलाच हवं. आणि सिनेमा खरंच स्वतंत्र असेल, तर मिळालेल्या मोकळिकीचं काय केलं, हा प्रश्न बजेटपेक्षा मोठा.

त्या लघुपटाचं परीक्षण छापून आलं, तेव्हा छायाचित्रणाचं 'बजेटच्या मानानं' कौतुक होतं. आजीच्या बदललेल्या वाक्याबद्दल एक अक्षरही नव्हतं.