पेकॉक्स हाऊस

इंग्लंडच्या एसेक्स परगण्यातील कॉगेशल या लहान नगरात, वेस्ट स्ट्रीटवर असलेले ट्यूडरकालीन (इंग्लंडच्या ट्यूडर राजघराण्याच्या, म्हणजे १४८५ ते १६०३ च्या काळातील) व्यापारी घर. संरक्षित वास्तूंच्या यादीत याचा समावेश ग्रेड १ या सर्वोच्च श्रेणीत असून मालकी नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे. लोकरी कापडाच्या व्यापारात गबर झालेल्या पेकॉक घराण्याचे हे निवासस्थान.

घराचा सांगाडा लाकडी असून दर्शनी भिंतीत उभे खांब अगदी जवळजवळ रोवलेले आहेत. एवढ्या दाटीची बांधणीसाठी गरज नव्हती. लाकडावर सढळ खर्च करण्याची ऐपत त्यातून दिसे. माडी खालच्या भिंतीच्या पुढे आलेली आहे. तिच्या तळाशी रस्त्याच्या बाजूने आडवी नक्षीदार तुळई धावते. तीवर वळणदार वेलपत्ती आणि मधूनमधून चिमुकल्या आकृती आहेत : हातात हात घालून पहुडलेले मुकुटधारी राजा-राणी, लिलीच्या फुलात डोके खुपसून सूर मारणारे बालक. ढालींवर घराण्याची व्यापारमुद्रा, म्हणजे व्यापाऱ्याची ओळखखूण, कोरलेली आहे. ती दोन देठांच्या तिपानी पानासारखी भासते. जाणकार तिला अर्मिन या मुंगसासारख्या लहान प्राण्याचे शेपूट मानतात.

बांधकामाचा काळ वादग्रस्त आहे. जॉन पेकॉक याने मुलगा टॉमस याच्या विवाहानिमित्त, साधारणतः १५०० च्या सुमारास, हे घर उभारले असे जुने लेखक मानीत. जॉनच्या मृत्युपत्रात (सु. १५०५) वेस्ट स्ट्रीटवरील, धर्मगुरूच्या निवासासमोरचे घर टॉमसला दिल्याचा उल्लेख आहे, हा त्यांचा मुख्य आधार. मात्र तो उल्लेख आज दिसणाऱ्या दर्शनी भागालाच लागू पडतो, असे त्यातून सिद्ध होत नाही. अलीकडचा कल हा भाग १५०९ च्या आसपासचा व खुद्द टॉमसने बांधलेला मानण्याकडे आहे आणि तो अधिक ग्राह्य वाटतो. तुळईवर टॉमस आणि त्याची पहिली पत्नी मार्गारेट हॉरल्ड यांची आद्याक्षरे आहेत. पुढे त्याने ॲन कॉटन हिच्याशी विवाह केला आणि १५१८ मध्ये तो वारला. तेव्हा निदान हे कोरीवकाम तरी मार्गारेटच्या हयातीतले असावे.

पुढे घर बक्स्टन घराण्याकडे गेले. कालांतराने ते हातचे निसटले, त्याची पडझड झाली आणि दर्शनी भाग गिलाव्याखाली झाकला गेला. १९०४ मध्ये याच घराण्यातील नोएल बक्स्टन यांनी ते विकत घेऊन जीर्णोद्धार केला व १९२४ मध्ये नॅशनल ट्रस्टला दिले. त्यामुळे आजचा दर्शनी भाग, विशेषतः पुढे आलेली गवाक्षे, जशीच्या तशी ट्यूडर काळातील समजू नयेत; त्यांत या जीर्णोद्धाराचा वाटा मोठा आहे. खांबांमधील विटांच्या भरणीबाबतही हीच सावधगिरी बाळगलेली बरी. आतील दिवाणखान्याच्या कोरीव तुळया अधिक विश्वसनीय होत. तेथेही तीच व्यापारमुद्रा आढळते.

मागील बाजूस आणखी काही खोल्या व बाग आहे.