गोदामात कापड पडून असताना संप

मुंबईच्या गिरणी कामगारांचे संप आपल्याकडे बहुधा पुढाऱ्यांच्या नावाने आठवले जातात. पण त्यांच्याकडे बाजाराच्या बाजूने पाहिलं तर वेगळीच संगती लागते. संप म्हणजे कामगारांनी मालकाला घातलेली नुकसानीची भीती. ती किती बसेल, हे ठरतं मालाला उठाव असण्या-नसण्यावर.

पहिल्या महायुद्धात इंग्लंडच्या कापडगिरण्यांच्या भागातून, लँकेशायरहून, येणारं कापड आटलं आणि मुंबईच्या गिरण्यांनी बक्कळ नफा कमावला. त्याच काळात धान्य-कपडा महागला, पगार मात्र मागे राहिला. जानेवारी 1919 मध्ये लाखाहून जास्त कामगार बाहेर पडले, पुढच्या वर्षी पुन्हा पडले. एकेक बंद दिवस मालकाच्या खिशातून जात होता, कारण बाहेर गिऱ्हाईक उभं होतं. 1920 च्या अखेरीस मूळ पगारावरचा महागाई भत्ता साचेवाल्यांना (मागावर कापड विणणाऱ्यांना) 80 टक्के आणि बाकीच्यांना 70 टक्के झाला. तेजीत नफा फुगलेला असतो, बदली माणूस सहज मिळत नाही, आणि म्हणून युनियनचा शब्द चालतो.

मग बाजार फिरला. जपानी कापड येऊ लागलं, भाव उतरले. इथे मंदीतली एक तिढ्याची गोष्ट आहे. समजा, पगार 30 रुपये आहे आणि बाजारभाव एक पंचमांशाने उतरले. कामगाराच्या हाती 30 रुपयेच पडतात, पण त्यात पूर्वीपेक्षा जास्त धान्य येतं. अर्थशास्त्राच्या भाषेत त्याचं वास्तव वेतन वाढलं. मालकाचं कापड मात्र कमी भावाने विकलं जातं आणि पगाराचा आकडा तोच, म्हणजे त्याच्या लेखी मजुरी महागली. तो आकडा कापायला निघतो. कामगार म्हणतो, महागाईत आम्ही मागे राहिलो तेव्हा तुम्ही कुठे होता? दोघांचाही हिशेब आपापल्या जागी बरोबर असतो. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ केन्सने नेमकं हेच टिपलं होतं: महागाईने झालेली कपात माणसं कुरकुरत सोसतात, पगाराच्या आकड्याला हात लावला की मात्र रस्त्यावर येतात.

1925 मध्ये मुंबईत तसंच झालं. मालकांनी महागाई भत्ता घटवला, एकूण पगारात सुमारे साडेअकरा टक्के घट. सप्टेंबरमध्ये दीड लाखाच्या आसपास कामगारांनी संप केला. बाजार मंद, गोदामात माल; असा संप मालकाला एका परीने सोयीचाच, कारण पगार न देता साठा खपवता येतो. तरीही डिसेंबरात कामगार जुन्या पगारावर परतले! बिल तिसऱ्यानेच भरलं. लँकेशायरची मर्जी राखण्यासाठी 1896 पासून देशी गिरणी कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर होता. सरकारने तो स्थगित केला, पुढच्या वर्षी रद्दच केला, आणि मालकांनी कपात मागे घेतली. माझ्या मते मालकांनाही हा संप तितकासा नकोसा नव्हता. वर्षानुवर्षं मागितलेली करमाफी त्यातून मिळाली.

एवढे आठवडे पगाराविना ही माणसं जगली कशी? युनियनचा निधी नावापुरताच होता. कोकणातलं, घाटावरचं गाव हाच खरा आधार. बायकापोरांना गावी धाडायचं, शेतीवर काही दिवस काढायचे, मुंबईत वाण्याकडे उधारी वाढवायची. मालकाला साठ्यावर किती दिवस निघतात आणि कामगाराला गाव व उधारीवर किती, या दोन आकड्यांच्या शर्यतीत अनेक संपांचा निकाल लागला. 1928 चा संप एप्रिल ते ऑक्टोबर चालला, तोही याच बळावर. तेव्हा वाद पगाराचा होता तसा कामवाढीचाही: मंदीत मालक पगार कापू शकला नाही तर एकेका माणसाकडे जास्त साचे देऊ पाहतो.

18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, तेव्हा यातलं बरंच बदललं होतं. मागणी मंद होती, हे जुनंच. पण आता भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीला यंत्रमाग धडधडत होते. तिथे मजुरी कमी आणि युनियन जवळपास नाही. गिरणी बंद म्हणजे बाजारात कापड बंद, हे गणितच मोडलं. शिवाय 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने बोलणी करण्याची मान्यता राष्ट्रीय मिल मजदूर संघ या दुसऱ्याच युनियनला होती, त्यामुळे कामगार ज्यांच्यामागे गेले त्यांच्याशी बोलणी करायला मालक कायद्याने बांधलेले नव्हते. 1925 सारखं पदरचं काही सोडून तिढा सोडवायला सरकारही पुढे आलं नाही. संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. हजारो कामगारांची नोकरी गेली, आणि कित्येक गिरण्यांत कापडापेक्षा खालच्या जमिनीचं मोल मोठं ठरलं.